शिकारी पक्षी पाहायचे, तर माणसाची हद्द आधी आखा

जानेवारीत सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावातले तलाव उतरू लागतात. पाणी मागे सरते तशी ओल्या गाळाची पट्टी रुंदावत जाते. तिच्यावर आधी शेकाटे आणि तुतवार हे पक्षी येतात. मग हिरवळ फुटते, हिरवळीत नाकतोडे, उंदीर, चंडोल आणि धोबी पक्षी जमतात आणि त्यांच्या मागोमाग शिकारी पक्षी हजर होतात. याच पट्टीवर हल्ली शनिवार-रविवारी चारचाकीच्या चाकोऱ्या उमटलेल्या असतात. गाळ वरून सुकलेला असतो, गाडी चालते, काच खाली करून लांब लेन्स बाहेर काढता येते आणि दलदली भोवत्या, म्हणजे मार्श हॅरिअर, पन्नास मीटरवर मिळतो. पहिल्या गाडीला मिळतो. मागून येणाऱ्या गाडीसाठी तो तिथे उरलेला नसतो.

मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी, राजेवाडी या पाणवठ्यांबद्दल बोलताना ‘फोटोग्राफरांना येऊ द्यायचे की नाही’ असा वाद घातला जातो आणि तो तिथेच अडकतो. येऊ द्यावे. कुठे उभे राहू द्यायचे, एवढेच ठरवावे. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पोहोचते त्या रेषेच्या आत, ऑक्टोबर ते मार्च, पक्षी पाहायला किंवा टिपायला आलेल्या माणसाचे पाऊल आणि त्याच्या गाडीचे चाक पडू नये. भरावावरून, रस्त्यावरून, रेषेबाहेरच्या माळावरून हवे तेवढे पाहावे. या रेषेला नव्याने मोजणी लागत नाही. पूर्ण संचय पातळी आणि बुडीत क्षेत्राची हद्द पाटबंधारे खात्याच्या नकाशावर आधीच आखलेली असते.

अंतराचे नियम आजवर बरेच सुचवून झाले: शंभर मीटर दूर राहा, दोनशे मीटर दूर राहा. माळावर शंभर मीटर किती, हे नजरेने ओळखणारे थोडे. शिवाय पक्षी हलला की अंतर बदलते आणि जो तो आपल्या सोयीचे मोजतो. जमिनीवरच्या रेषेबाबत अशी पळवाट नसते. गाडी आत आहे की बाहेर, हे गुराख्याच्या पोरालाही लांबून सांगता येते.

ही पट्टी इतकी महत्त्वाची का, हे शिकारी पक्ष्यांच्या शिकारीच्या पद्धतीत आहे. दलदली भोवत्या उंच घिरट्या घालून शिकार करत नाही. पंख किंचित वर, उथळ इंग्रजी ‘व्ही’सारखे धरून तो पाणकणीस आणि लव्हाळ्यावरून दोन ते पाच-सहा मीटर उंचीवर संथ तरंगत जातो, तीच पट्टी पुन्हा पुन्हा विंचरतो आणि खालचा पक्षी बेसावध सापडला की पाय खाली सोडून पडतो. वारकऱ्यांचा, म्हणजे कूट या पाणपक्ष्यांचा, थवा त्याला पाहून पाण्यावर दाटीने गोळा होतो, त्यातला एखादा आजारी किंवा जखमी मागे पडतो, त्याच्यावर भोवत्याची नजर असते. या पद्धतीत अनेक फेऱ्या रिकाम्या जातात. पट्टीच्या मधोमध गाडी उभी राहिली, की त्याचा फेरा तुटतो आणि तो काठ सोडून पाण्यापलीकडे जातो. फोटो काढणाऱ्याला वाटते पक्षी ‘निघून गेला’. त्याची सकाळची शिकार मोडलेली असते.

ऑस्प्रे या मासे मारणाऱ्या शिकारी पक्ष्याचे नुकसान वेगळ्या प्रकारचे. तो पंजे पुढे करून पाण्यात पडतो. त्याचे बाहेरचे बोट मागे वळते आणि तळव्यांवर काटेरी खवले असतात, म्हणून निसरडा मासा सुटत नाही. मासा डोक्याच्या दिशेने पुढे धरून तो एखाद्या वठलेल्या बाभळीवर किंवा बुडालेल्या विजेच्या खांबावर बसतो. मासा संपवायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. या वेळात त्याला उठवले, तर ओल्या पिसांनी आणि पायात ओझे घेऊन उडावे लागते, शिवाय घारी आणि कावळे मासा हिसकायला टपलेलेच असतात. उतरलेल्या तलावात अशी बसायची खोडे मोजकी असतात, त्यामुळे उठवलेल्या पक्ष्याला दुसरी जागा लगेच सापडतेच असे नाही.

आता कॅमेऱ्याचा हिशेब. जवळ गेल्याशिवाय फोटो येत नाही, हा समज गणितात टिकत नाही. दलदली भोवत्याचा पंखविस्तार साधारण १.२ मीटर. ६०० मिलिमीटरची लेन्स असेल तर १०० मीटरवरच्या या पक्ष्याची सेन्सरवरची प्रतिमा ७.२ मिलिमीटर रुंद पडते. एपीएस-सी, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर आणि २४ मेगापिक्सेलला आडवे ६००० पिक्सेल, म्हणजे पक्षी १८०० पिक्सेलांहून अधिक रुंद येतो. १५० मीटरवर तो सुमारे १२०० पिक्सेल उरतो, २०० मीटरवर ९००. बहुतेक फोटो ज्या मोबाइलवर पाहिले जातात, त्याच्या पडद्याची रुंदी १०८० पिक्सेलच्या आसपास असते. दीडशे मीटरवरून टिपलेला पक्षी कडेकडेने कातरून घेतला तरी पडदा भरतो. मोठ्या सेन्सरच्या फुल-फ्रेमवाल्यांना तेवढ्याच मेगापिक्सेलला हेच आकडे साधारण दीड पटीने कमी मिळतात खरे, तरीही पक्षी ओळखायला, नोंद म्हणून ठेवायला ते पुष्कळ आहेत.

फोटो बिघडतात ते अंतरापेक्षा हवेमुळे. सुकलेला गाळ आणि काळी जमीन सकाळी दहाच्या सुमारास तापली, की जमिनीलगतची हवा थरथरू लागते आणि कितीही महागडी लेन्स असो, पिसांच्या कडा विरघळतात. भोवत्या नेमका याच थरात उडतो. म्हणून सूर्योदयापासून नऊ-साडेनऊपर्यंत आणि सूर्यास्ताआधीचा तास-दीड तास, एवढाच वेळ कामाचा. सकाळी तलावाच्या पूर्व काठाला राहावे, म्हणजे सूर्य पाठीशी येतो, संध्याकाळी पश्चिमेला. भरावाची दिशा त्याला साजेशी नसेल तर एकच वेळ निवडावी, दोन्ही वेळा साधायला तलावाला फेरी घालत बसू नये. गाडीतून फोटो काढत असाल तर इंजिन बंद हवेच: एक तर कंप, दुसरे म्हणजे बॉनेटवरून उठणारी गरम हवा. काचेच्या कडेवर ठेवायला दोनेक किलो ज्वारी भरलेली कापडी पिशवी ट्रायपॉडपेक्षा बरी. शटर भोवत्यासाठी १/२०००, ऑस्प्रेच्या झेपेसाठी १/३२००. पक्षी मोकळ्या आकाशावर असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, नाही तर पोटाची बाजू काळी पडते. ब्राह्मणी घार गडद पाण्यावरून जात असेल तर उलट अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा, कारण तिचे पांढरे डोके जळून जाते आणि ते नंतर कशानेच परत येत नाही. फोकस गवतावर अडकतो ही नेहमीची तक्रार. पक्षी गवताच्या रेषेवर येण्याआधी, मागे पाणी किंवा आकाश असतानाच त्याला धरला आणि धरून ठेवला, तर ती बरीच मिटते.

ओळखीतली गफलतही जवळ जाण्याने सुटत नाही, कशाकडे पाहायचे ते ठाऊक असावे लागते. साध्या घारीची शेपटी दुभंगलेली, भोवत्याची लांब आणि टोकाला गोलसर. दलदली भोवत्याची मादी गडद तपकिरी, टाळू आणि गळा मलईच्या रंगाचे. ब्राह्मणी घारीचे पिल्लू तिच्यासारखे दिसते खरे, पण त्याची शेपटी आखूड आणि पंख रुंद असतात. ऑस्प्रेच्या डोळ्यावरून जाणारा काळा पट्टा आणि मनगटात मोडल्यासारखे वाकलेले पंख दुर्बिणीतून चारशे मीटरवरूनही कळतात. आठ पट वाढीची साधी दुर्बीण गळ्यात असलेला माणूस लांब लेन्सवाल्यापेक्षा कमी फिरतो, असा अनुभव सगळीकडे आहे. त्याला पक्षी दिसलेला असतो, म्हणून तो धावत नाही.

या मागणीवर एक आक्षेप हमखास येतो आणि तो गंभीर आहे. त्याच गाळात दिवसभर मेंढपाळ असतात, मासेमार असतात, गाळपेर करणारे, म्हणजे उतरलेल्या तलावाच्या गाळात पीक घेणारे, शेतकरी असतात. त्यांना सोडून कॅमेरेवाल्यांनाच बंदी का? कारण पक्षी माणूस मोजत नाही, माणसाचे वागणे मोजतो. मेंढ्यांचा कळप रोज त्याच वाटेने, त्याच चालीने जातो आणि मेंढपाळ पक्ष्याकडे पाहतही नाही. कळपाच्या पायांमुळे उठणारे किडे टिपायला बगळे आणि वेडे राघू उलट त्याच्या मागे जमतात. फोटो काढणारा सरळ पक्ष्याच्या रोखाने चालतो, थांबतो, खाली बसतो, नळकांडे उगारतो. शिकारी प्राणी असाच येतो. शिवाय मेंढपाळाचे आणि गाळपेर करणाऱ्याचे पोट त्या जमिनीवर आहे, आपली हौस आहे. हौशीने मागे सरावे यात अन्याय कसला?

दुसरा आक्षेप गाडीबद्दलचा. गाडी हेच उत्तम लपण आहे, पायी माणसापेक्षा पक्षी गाडीला कमी बुजतात, असे जाणकार सांगतात. ते खरे आहे, फक्त रस्त्यावर. ज्या रस्त्याने दिवसाला चार ट्रॅक्टर आणि दोन एसटी जातात, तिथे थांबलेली गाडी पक्ष्याच्या हिशेबात बसते. गाळातून वाट काढत येणारी गाडी कुठल्याच हिशेबात बसत नाही. रस्त्यावरही पद्धत आहे: पक्ष्यासमोर येऊन ब्रेक मारू नये, अलीकडेच वेग कमी करून गाडी घरंगळत थांबू द्यावी, दार उघडू नये, खाली उतरू नये. पक्षी ताठ होतो, पिसे अंगाला चिकटवतो, मान लांबवून तुमच्याकडे रोखून पाहतो, वजन या पायावरून त्या पायावर घेतो. इथवर आलात म्हणजे फार जवळ आलात. मग तो पुढे झुकून विष्ठा टाकतो आणि पुढच्या क्षणी उडालेला असतो. त्या ताठ होण्याच्या क्षणीच मागे फिरले तर पुष्कळदा तो बसून राहतो.

कायद्याकडे पाहिले तर वाट अर्धी मोकळी आहे. २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. आपल्याकडचे जवळपास सगळे पक्ष्यांचे तलाव सिंचनाचेच, त्यामुळे हे नियम त्यांना लागूच होत नाहीत. मायणी परिसराला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६-अ खाली. अभयारण्यात फोटोसाठी परवाना लागतो ते कलम २८ संवर्धन राखीवाला लावलेले नाही. वन्य प्राण्याला छेडू नये, हे कलम २७चे चौथे उपकलम मात्र लावलेले आहे. म्हणजे परवाना नाही, पण छेडण्याला मनाई आहे. छेडणे म्हणजे काय, हे त्या कलमात सांगितलेले नाही, म्हणून त्याचा उपयोग करणे अवघड जाते. ते ठरवायला कलम ३६-ब खालची व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात वन अधिकाऱ्याबरोबर हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो, वन्यजीव क्षेत्रातल्या संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात, कृषी आणि पशुसंवर्धन खात्याचा एकेक असतो. बुडीत क्षेत्राच्या हद्दीच्या आत शिरून पक्षी उठवणे म्हणजे छेडणे, एवढा एक ठराव या समितीने वनखात्यापुढे ठेवला, तर पहारेकऱ्याच्या हातात बोट दाखवायला काही तरी येईल. राखीवाबाहेरच्या तलावांवर जमीन पाटबंधारे खात्याची आहे आणि आपल्या जमिनीवर वाहन आणू नये हे सांगायला त्या खात्याला पक्षीप्रेमाची गरज नाही.

‘असे निर्बंध लोक पाळत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी कासकडे पाहावे. फुलांच्या हंगामात तिथे ऑनलाइन नोंदणी, शुल्क आणि दिवसाला ठरावीक पर्यटक ही पद्धत आसपासच्या गावांच्या समितीमार्फत चालते. कुरबुरी आहेत, गर्दीही होते, पण गाडी फुलांवर घालायची नसते हे आता पुण्या-मुंबईच्या माणसालाही सांगावे लागत नाही. तलावांवर त्याहून सोपे आहे. इथे लोकांना अडवायचे नाही, रेषेबाहेर थोपवायचे आहे.

त्यासाठी लोखंडी मनोरे मात्र उभारू नयेत. सरकारी आराखड्यात पहिली ओळ मनोऱ्याचीच असते. उंचावर उभा माणूस आकाशावर काळा दिसतो, पक्षी त्याला सर्वात आधी पाहतो. शिवाय भोवत्या डोळ्यांच्या उंचीवर टिपायचा पक्षी, वरून त्याची फक्त पाठ मिळते. दोन पावसाळ्यांत पायऱ्या गंजतात आणि मनोरा उरतो तो पत्त्यांच्या डावासाठी. त्याऐवजी भरावावर तुराट्यांचे आडोसे करावेत: माणूसभर उंच, दहा-बारा फूट लांब, बसून पाहायला सुमारे तीन फुटांवर आणि उभ्याने पाहायला साडेचार फुटांवर अरुंद फटी. वर झाप आणि मागची बाजूही बंद हवी. मागून उजेड आला, की फटीतून आतल्या माणसाची हालचाल बाहेर दिसते आणि आडोसा असून नसल्यासारखा होतो. त्याहून महत्त्वाचे, आडोशापर्यंत जाणारी वाटही झाकलेली हवी. बहुतेक पक्षी आतल्या माणसामुळे उठत नाहीत, तिथे चालत येणाऱ्यामुळे उठतात. कडब्याचा आडोसा जनावरे खाऊन टाकतात, पाचटाला आग लागते; तुराट्या दोन हंगाम निभावतात आणि त्या बांधायला गावातलीच माणसे लागतात.

आमिषाबद्दल मोघम बोलण्यात अर्थ नाही. चिकनच्या दुकानातली आतडी-कातडी काठावर टाकून फोटो मिळतात ते घारींचे आणि ब्राह्मणी घारींचे, क्वचित गरुडाचे. भोवत्या त्याला सहसा भुलत नाही, ऑस्प्रे तर नाहीच. येतात ती कुत्री. एकदा चटावलेली कुत्री काठ सोडत नाहीत आणि मार्चपासून जमिनीवर घालणाऱ्या टिटवीची, शेकाट्याची अंडी तीच खातात. पांढरे उंदीर विकत आणून दोरीला बांधणे हा तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा भंग आहे. त्याला छायाचित्रण म्हणू नये.

जागा जाहीर करणे हा दुसरा आजार. भोवत्ये संध्याकाळी उंच गवतात जमिनीवरच रातथारा करतात, माँटेग्यू आणि पॅलिड हॅरिअर तर अनेकदा एकत्र. अशी जागा एकदा गटात फिरली की पुढच्या रविवारी तिथे टॉर्च असतात. रातथाऱ्याच्या तीनशे मीटरांत जाऊ नये आणि अंधार पडायच्या आत परतावे. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जरूर करावी, ती जगजाहीर न करता लपवण्याची सोय तिथे आहे. फोटो टाकताना तलावाचे नाव चालेल, फोटोत दडलेले जीपीएस काढून टाकावे, आणि शक्यतो पक्षी परतल्यावर, एप्रिलनंतर टाकावा. पॅलिड हॅरिअर जागतिक पातळीवर संकटाच्या उंबरठ्यावरचा, तर स्टेपी गरुड संकटग्रस्त यादीतला पक्षी आहे. त्यांच्या बाबतीत ही काळजी जास्तीची म्हणता येणार नाही.

‘पक्षी मरत तर नाही ना, जरा उडतो, पुन्हा बसतो’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुरावा सातारा जिल्ह्यातच आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली आणि पवनचक्क्या नसलेल्या जागी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. त्यामुळे तिथले सरडे वाढले, निर्धास्त झाले, माणसाला अधिक जवळ येऊ देऊ लागले. विषय पवनचक्क्यांचा होता, कॅमेऱ्यांचा नव्हे. आणि चाळकेवाडीला पाणथळ नाही. पण शिकारी पक्षी एखाद्या जागेवरून नुसता हटला तरी खालची सगळी उतरंड बदलते, हे त्यातून उघड दिसते. येरळवाडीच्या काठावर तसेच होत असेल तर ते मोजायलाही पक्ष्याला काही हंगाम स्वस्थ शिकार करू द्यावी लागेल.

रेषेचे काम पावसाळा सरता सरता, तलाव भरलेले असतानाच व्हायला हवे. तेव्हा पाणीच हद्द दाखवते आणि दगड रोवायला वाद उरत नाही. गाळपेराचे पट्टे देताना त्याच कागदात एक अट घालता येते: पट्टेदाराची जनावरे आणि अवजारे सोडून आत इतर वाहन नको. मायणीला हे समितीच्या एका बैठकीत होण्यासारखे आहे. राजेवाडीला वेळ लागेल. तो तलाव सातारा आणि सांगलीच्या सीमेवर आहे, एका काठावर हुसकलेली गाडी दुसऱ्या जिल्ह्याच्या काठाने आत येते. तिथे आदेश दोन्ही जिल्ह्यांनी एकाच तारखेला काढावा लागेल, तोही चाकोऱ्या पडायच्या आधी, म्हणजे डिसेंबरच्या आत.